ओल्या खुरावरचं माप

मामा,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत आमच्या सोसायटीतल्या चार जणांनी मला विचारलं, की तुमचे सासरे नक्की काय करायचे. मी चौघांनाही एकच उत्तर दिलं. नालबंद होते, रेसकोर्सवर घोड्यांना नाल ठोकायचे. दोघांना वाटलं मी गंमत करतोय. तिसऱ्याने विचारलं, "अजून लागते का हो नाल?" चौथे आपले खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. ते म्हणाले, "म्हणजे टिप्स असतील त्यांच्याकडे! आधी नाही का सांगायचं?" तुम्ही असतात तर त्यांना काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. "टिप हाय की. पहाटं लवकर उठत जावा."

मीही एकेकाळी त्या चौथ्या गृहस्थांसारखाच होतो, हे कबूल करतो. सुनीताचं स्थळ आलं तेव्हा आमच्या आईने पहिला प्रश्न विचारला होता, "रेसवाले का?" आमच्या घरात रेस या शब्दाचा अर्थ एकच होता, बुडालेला माणूस. तुम्ही ते ओळखलं असणार. कारण साखरपुड्याची बोलणी अर्धवट ठेवून तुम्ही मला म्हणालात, "पावणं, रविवारी नका येऊ. मंगळवारी या, सकाळी सहाला. मग काय ते ठरवा."

मी सहाला पाच मिनिटं असताना पोचलो. तुम्ही रेसकोर्सच्या घोरपडीकडच्या कठड्याशी उभे होतात. त्या दिवशी तुम्ही मला एकही घोडा दाखवला नाहीत. आधी माणसं दाखवलीत. मधल्या मैदानात चालायला येणारे, ज्यांना घोडे आडवे जाताना शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायची सवय झाली होती. मांजरीहून लसूणघासाचे भारे घेऊन आलेला टेम्पो. लीद भरून नेणारे हडपसरकडचे नर्सरीवाले. तुमच्या गल्लीतल्या दोन बायका, ज्या पावसाळ्यात मुंबईचे घोडे इकडे आले की सोबत येणाऱ्या, घोडे सांभाळणाऱ्या सईसांना डबे द्यायच्या. तुम्ही म्हणालात, "ह्यातलं कुणी घोड्यावर पैसं लावीत न्हाई. तरी समदी रेसवालीच हायेत." मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणालात, "ह्यानं बी कधी लावलं न्हाई."

मी घरी जाऊन आईला सांगितलं, की माणसं व्यवस्थित आहेत, वेळ पाळतात. माझ्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र निघत नाही, हे तुम्हाला पुढे कळलंच.

आपले वाद तिथूनच सुरू झाले. मी भोसरीच्या कारखान्यात मोजमाप विभागात काम करणारा माणूस. तिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर भाग परत जातो. आणि तुम्ही "बोटभर", "चिमूटभर", "एवढुसं" यावर उभा जन्म काढलेला माणूस. मी तुमच्याकडून दोन नाला मागून घेतल्या, रोजची लोखंडी आणि रेसच्या दिवशीची ॲल्युमिनियमची. सुनीताच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या. एक दोनशे नव्वद ग्रॅम, दुसरी पंच्याऐंशी. मी ते आकडे मोठ्या अभिमानाने तुम्हाला सांगितले. तुम्ही म्हणालात, "घोड्याला इचारा, त्यो बी तेवढंच सांगंल."

खूर किती वाढतो यावरून तर आपण एक अख्खा पावसाळा भांडलो. तुम्ही म्हणायचात, दीड महिन्याला बोटाच्या जाडीएवढा. मी म्हणायचो, कोणाचं बोट? शेवटी मी एका म्हाताऱ्या घोड्याच्या खुरावर रेघ मारून घेतली आणि सहा आठवड्यांनी कॅलिपर लावला. साडेतेरा मिलिमीटर. मग तुमचं बोट मोजलं. चौदा. त्या दिवशी तुम्ही जिंकलात, पण मी म्हणालो, की अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. "मग माझं बोट सुजलं आसंल," तुम्ही म्हणालात आणि चहा मागवलात.

आपला खरा वाद मात्र हातावरून होता. नाल ठोकून झाली की तुम्ही घोड्याच्या चारी खुरांवर पालथा आणि मग उताणा हात ठेवायचात. डोळे मिटून, प्रत्येक खुराला सारखा वेळ. मी घड्याळ लावून पाहिलं होतं, दर खुराला दहा ते बारा सेकंद. मग उभे राहून म्हणायचात, "जाऊ द्या." तुमच्या तबेल्यात तुमच्या वडिलांपासून रिवाज होता, की नालबंदाने "जाऊ द्या" म्हटल्याशिवाय सईस दाराची साखळी काढणार नाही. मालक आला तरी, ट्रेनर आला तरी नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं. मी विचारलंही होतं, लिहिलेलं आहे का.

मी म्हणायचो, "मामा, हाताला शून्य नसतो. आज तुमचा हात गार, उद्या गरम. त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा?"

तुम्ही म्हणायचात, "शून्य कशापायी पायजे? चार पाय हायेत की. एकाचा दुसऱ्याशी ताळा घालायचा."

हे पटलं असं मी कधी म्हटलं नाही. आज म्हणतो. आमच्या विभागात याला तुलनात्मक मापन म्हणतात. एक माहीत असलेला नग ठेवायचा आणि दुसरा त्याच्याशी ताडून पाहायचा. त्यासाठी आम्हाला सहा महिन्यांचं प्रशिक्षण देतात. तुम्ही ते एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी ते वीस वर्षं वाद म्हणून चालवलं.

खंडेनवमीला मात्र मी वाद घातला नाही. त्या दिवशी तुम्ही एकही खिळा ठोकायचा नाहीत. ऐरण धुऊन पुसून, कानस आणि सांडशी तिच्यापुढे मांडून, झेंडूची माळ घालायचात. घोरपडीतल्या बायका मुलांना घेऊन ताटात गूळ-हरभरे घेऊन तबेल्याच्या फाटकाशी यायच्या. सईस एकेक घोडा पुढे आणायचे, बायका लांबूनच कपाळाला कुंकू लावायला हात पुढे करायच्या आणि घोड्याने मान हलवली की किंचाळून मागे सरायच्या. मग सगळे हसायचे. आमच्या आईला तुम्ही एका वर्षी तिथे नेलंत. ती परत आल्यावर म्हणाली, "घोडे फार स्वच्छ ठेवतात हो." त्यानंतर "रेसवाले" हा शब्द आमच्या घरात कोणी काढला नाही.

सासूबाई गेल्यावर तुम्ही विश्रांतवाडीला आमच्याकडे आलात. चार वर्षं. तुम्हाला वाटायचं जावयाच्या घरी राहणं बरं दिसत नाही. मला वाटायचं हा माणूस सकाळी साडेचारला उठून भांडी वाजवतो. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही, म्हणून जमलं. सीझन सुरू असला की मी तुम्हाला स्कूटरवर सोडायला यायचो. येरवड्याचा चौक, मग नदीवरचा पूल, मग घोरपडी. स्कूटरच्या काट्यावर दहा किलोमीटर सहाशे मीटर. तुम्ही मागे बसून रस्त्यावरच्या टांग्याच्या, लग्नाच्या घोड्यांच्या टापा ऐकून सांगायचात, "ह्याची मागली डावी ढिली हाय." एकदा तुम्ही मला स्कूटर वळवायला लावलीत आणि एका वरातीच्या घोडीची नाल भर रस्त्यात घट्ट केलीत. नवरदेव वर बसलेलाच होता. तो म्हणाला, "काका, मुहूर्त आहे." तुम्ही म्हणालात, "पडलास तर मुहूर्ताला खालून जाशील." मी बाजूला बँडवाल्यांबरोबर उभा होतो. तेव्हा मला लाज वाटली होती. आता तेवढी मजा मला परत कशात येईल असं वाटत नाही.

आता मी त्या रविवारावर येतो. दोन सीझनपूर्वीचा. इतके दिवस मी तो टाळला.

तुमच्या हाताला तेव्हा थोडा कंप आला होता. चष्म्याचा नंबर वाढला होता. ट्रेनरसाहेब तोंडावर काही म्हणत नव्हते, पण त्यांनी दुसऱ्या एका नालबंदाला "बघून जा" म्हणून दोनदा बोलावलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही जेवणात मीठ जास्त पडल्यासारखे अर्ध्या पानावरून उठायचात. तुमचं काम राहतं की जातं, हे त्या सीझनवर होतं. मी तुम्हाला मदत करायची ठरवली. माझ्या पद्धतीने. साथीच्या काळात घराघरांत आलं होतं तसं, लांबून तापमान सांगणारं एक यंत्र मी पिशवीत घालून आणलं. म्हटलं, मामांचा हात आणि यंत्र दोन्ही एकच सांगतात हे साहेबांना दाखवू. मग कोणी शंका घेणार नाही.

मैना नावाची लाल घोडी होती. चौथ्या रेसमध्ये पळायची होती. सकाळी डॉक्टरांनी पाहिली तेव्हा सरळ चालत होती. दुपारी तुम्ही हात ठेवलात. पुढच्या उजव्या खुरावर तुमचा हात बारा सेकंदांहून जास्त राहिला. मग तुम्ही हात काढला, पुन्हा ठेवला.

"गरम हाय," तुम्ही म्हणालात. "हिला नका पळवू."

साहेब म्हणाले, "मामा, चालतेय बघा ना नीट. ऐन वेळी घोडी काढली तर वर कारणं द्यावी लागतात. काय सांगू? मामांचा हात?"

तेव्हा मी पुढे झालो. मला कोणी बोलावलं नव्हतं. यंत्र काढलं, चारी खुरांवर धरलं, आणि आकडे मोठ्याने वाचले. तीस पूर्णांक दोन, तीस पूर्णांक चार, तीस पूर्णांक एक, तीस पूर्णांक तीन. मग म्हणालो, "मामा, फरक नाही. सगळे सारखे आहेत."

मी हे तुमच्या बाजूने व्हावं म्हणून आणलं होतं. आकडा विरुद्ध आला तर तो लपवणं मला जमत नाही. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि नंतरही बराच काळ सांगत राहिलो.

साहेब म्हणाले, "बघा. तुमचे जावईच सांगतायत."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. मग हत्यारांची पेटी घोडीच्या दारात आडवी ठेवलीत आणि तिच्यावर बसलात.

"पावणं," तुम्ही म्हणालात, "घोडी साठच्या स्पीडनं पळती. वर एक माणूस बसल्याला असतुया. त्याला बी घरदार हाय." मग साहेबांना म्हणालात, "मी जाऊ द्या म्हनणार न्हाई. साखळी काढायची तर आधी मला काढा."

मैनेचा सईस रफिकभाई साखळीपाशी उभा होता. साहेब त्याला म्हणाले, "काढ." तो म्हणाला, "साहेब, मामा बोलले नाहीत अजून." आणि हात मागे घेतला. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते फोन काढून बाहेर गेले. घोडी रेसमधून काढली गेली. परत येऊन त्यांनी तुम्हाला एवढंच सांगितलं, "उद्यापासून आराम करा, मामा."

परतीचे दहा किलोमीटर सहाशे मीटर तुम्ही हत्यारांची पेटी मांडीवर धरून बसला होतात.

मंगळवारी सकाळी मैनेला पुढचा उजवा पाय जमिनीला टेकवता येईना. डॉक्टरांनी खुराचा तळ कोरला तेव्हा आतून पू निघाला. एवढासा खडा कधीतरी आत गेला होता. रविवारी ती पळाली असती तर वळणावर काय झालं असतं, हे रफिकभाईने मला फोनवर सांगितलं आणि मी कारखान्यातच खुर्चीवर बसलो.

माझं कुठे चुकलं हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. शोधावं लागलं नाही. त्या दुपारी चिखल होता म्हणून रफिकभाईने घोडीचे पाय पाच मिनिटं आधी पाण्याने धुतले होते. माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या बुटाखाली फरशी ओली होती. ओल्या पृष्ठभागाचं तापमान असं घेत नाहीत, पाणी उडताना सगळं एकसारखं गार करतं. नव्या लोकांना हे मीच पहिल्या दिवशी शिकवतो. शिवाय त्या यंत्राची अचूकता दीड अंशाची, आणि मी तीन दशांशाच्या फरकावरून "सगळे सारखे" असा निकाल दिला. असा अहवाल माझ्या हाताखालच्या कोणी आणला असता तर मी तो फाडला असता. तुमचा हात पाण्याखालची ऊब शोधत बारा सेकंदांहून जास्त थांबला होता. मी एकेका खुराला एक सेकंद दिला.

बुधवारी साहेब स्वतः विश्रांतवाडीला आले. मी कामावर होतो, सुनीता शाळेत. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "साहेब आल्ते. उद्या सोडाल का मला घोरपडीला?" मी म्हणालो, "सोडतो." त्यानंतर तुम्ही आणखी एक सीझन आणि वर अर्धा काम केलंत. मैना ऑक्टोबरात पळाली, चौथी आली. साहेबांनी पुन्हा कधी दुसऱ्या नालबंदाला "बघून जा" म्हटलं नाही.

मी चूक कबूल केली नाही. सुनीता म्हणायची, "अहो, एकदा सांगून टाका ना बाबांना, चुकलं म्हणून. त्यांना ऐकायचं आहे असं नाही. तुमचं जेवण तरी नीट जाईल." मी म्हणायचो, सांगतो. स्कूटरवर सांगू म्हटलं तर मागच्याला ऐकू येत नाही. घरी सांगू म्हटलं तर टीव्ही चालू. ही कारणं आहेत हे मला माहीत होतं. वीस वर्षं मी तुम्हाला यंत्र म्हणजे काय ते सांगत आलो होतो. त्या यंत्राचा पहिला नियम मी मोडला, हे तुमच्यापुढे म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. आणि तुम्ही तो विषय एकदाही काढला नाहीत. शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलातही नाही. तिथे तर वेळच वेळ होता. तुम्ही मला नर्सच्या थर्मामीटरवरून चिडवलंत, "ह्यो तरी कोरडा हाय का बगा." मी ती नेहमीची थट्टा समजून हसलो. तेव्हाही म्हणालो नाही.

तेराव्याला रफिकभाई आला होता. पंगत उठल्यावर जिन्यात उभा राहून बोलला. तो बुधवारी साहेबांबरोबर आमच्याकडे आला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे, "मग त्या दिवशी तुमच्या जावयाचं मशीन काय सांगत होतं?" तुम्ही म्हणालात, "मशीन बराबर हुतं. जावई बी बराबर. पानी मीच मारायला लावलं हुतं, त्येंना ठावं न्हवतं. वल्ल्या खुरावर कुनाचं बी मशीन फसंल."

रफिकभाई म्हणाला, "पाणी तर मी मारलं होतं. मामा तेव्हा दुसऱ्या घोड्याजवळ होते. पण मामा बोलले, मग मी काय बोलणार?"

म्हणजे तुम्हाला चूक कळली होती, मामा. नेमकी कळली होती, पाण्यापर्यंत. ती तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलीत आणि दीड वर्ष माझ्यामागे स्कूटरवर बसून आलात.

गेल्या मंगळवारी मी तबेल्यात गेलो. सकाळी सहाला. साहेब होते, रफिकभाई होता, आणखी पाच-सहा सईस होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या रविवारी पाणी मामांनी मारायला लावलं नव्हतं. खूर ओला आहे हे मी पाहिलं होतं आणि तरीही मोजलं. चूक पूर्ण माझी होती.

 साहेब म्हणाले, "अहो, पाणी कोणी मारलं ते मी पाहिलं होतं. मी तिथेच नव्हतो का उभा? मामांना नीट खोटं कुठे बोलता यायचं? बोलताना सारखे तुमच्या घरातल्या घड्याळाकडे बघत होते, तुम्ही याल म्हणून."

रफिकभाई हसला. मग सगळेच हसले, मीही.

नवीन नालबंद आतल्या बाजूला काम करत होता. रीतसर कोर्स केलेला आहे, तिशीचा. त्याने चौथा खूर खाली ठेवला, हात फिरवला, आणि साखळीपाशी उभ्या असलेल्या सईसाकडे न बघता "जाऊ द्या" म्हणाला. त्याला हे कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही. तुम्हीच शिकवलं असणार.

सगळ्यांना सांगून झालं. ज्यांना सांगितलं त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांनाही. तरी आमच्या विभागात नियम आहे, की चुकीचा आकडा खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, म्हणजे जुना आकडा वाचता येतो, आणि शेजारी बरोबर तो लिहून खाली सही करायची. म्हणून लिहितो. तुम्ही मला दिलेल्या मुलीबद्दल, आईला दाखवलेल्या घोड्यांबद्दल, पहाटेच्या भांड्यांच्या आवाजाबद्दल आणि तुम्ही आयुष्यात एकदाच, तेही वाईट, बोललेल्या खोट्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आणि त्या रविवारी, मामा, माझं माप चुकलं होतं.

खूर गरम होता.